रान पाहावे, पण कोणाच्या गाडीतून?

मकरसंक्रांत झाली की निपाणी-बेळगावकडच्या घरांतून एक विषय हमखास निघतो. दोन दिवस सवड आहे, रान पाहावयास जावे काय? जावे, याविषयी कोणाचे दुमत नसते. सह्याद्रीची रांग आमच्या पश्चिमेस हात लांब केला तर लागेल अशी उभी आहे. निपाणीहून मुधाळ तिट्ट्याच्या वाटेने राधानगरी-दाजीपूर गाठता येते. बेळगावहून खानापूर ओलांडले की भीमगडाचे रान सुरू होते. आणखी दक्षिणेस उतरले की काळी नदीच्या काठचे दांडेली. मतभेद होतो तो जावयाचे कसे यावर. एक पक्ष म्हणतो, सहल काढणाऱ्या मंडळींकडे नावे घालावी, तिथे वनखात्याच्या जीपमध्ये मार्गदर्शकाबरोबर बसावे आणि तो दाखवील ते पाहावे. दुसरा पक्ष म्हणतो, घरची मोटार दारात उभी असता परक्याच्या जीपमध्ये दाटीवाटीने कशास बसावयाचे? आपणच हाकावी, हवे तिथे थांबावे, हवे तितके पाहावे.

यंदा हा वाद आमच्या गायनवर्गातच उद्भवला आणि निकाल देण्याचे काम माझ्याकडे आले. मी निपाणीचा, आठवड्यातून दोन दिवस बेळगावात शिकवितो. दोन्ही गावची मिळून अकरा माणसे, त्यांत सात विद्यार्थी आणि चार पालक, आणि बारावा मी. वर्ग संपल्यावर तंबोरे गवसणीत घालता घालता बोलणे सुरू झाले, ते रात्री नऊ वाजले तरी संपेना. बेळगावचे एक व्यापारी पालक म्हणाले, "सर, आमची गाडी हाय की. सात माणसं बसत्यात. कशाला परक्याच्या तालावर नाचायचं?" निपाणीच्या एका ताईंनी लगेच उत्तर दिले, "रानात तुमचा ताल कोण ऐकतंय?"

या वादाला दोन्ही बाजूंनी पुष्कळ आधार आहे.

एका विद्यार्थिनीचे मामा दक्षिण आफ्रिकेत नोकरीस आहेत. त्यांनी तिला क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचे वर्णन कळविले होते आणि ती ते सर्वांना ऐकवीत होती. तिथे माणूस स्वतःची किंवा भाड्याची मोटार घेऊन थेट सिंह-हत्तींच्या मुलखात शिरतो. ही आजकालची टूम नव्हे. ते उद्यान १९२६ साली जाहीर झाले आणि १९२७ साली पहिल्या तीन मोटारी आत गेल्या. तेव्हापासून ही प्रथा चालत आली आहे. पण तिथला पसारा लक्षात घ्यावा लागतो. सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचे ते उद्यान आपल्या अख्ख्या बेळगाव जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट भरेल. आत डांबरी रस्ते आहेत, त्यांवर ताशी पन्नास किलोमीटरची मर्यादा आहे. कुंपण घातलेल्या मुक्कामाच्या जागा आहेत, त्यांचे दरवाजे संध्याकाळी बंद होतात आणि त्यापूर्वी आत पोहोचावेच लागते. नेमून दिलेल्या जागा सोडल्या तर मोटारीतून पाय खाली ठेवावयाचा नाही. म्हणजे 'हवे तिथे थांबावे' हे खरे. पण उतरावे हे खरे नाही. शिवाय तिथली भूमी बरीचशी गवताळ, झुडपांची. दूरवरचे दिसते. आपल्या सह्याद्रीत बांबूच्या बेटाआड चार हातांवर गवा उभा असला तरी तुम्हांस त्याचा पत्ता लागत नाही.

'सफारी' हा शब्दही त्याच बाजूचा. स्वाहिलीतला, मूळ अरबी 'सफर'. म्हणजे आपल्या ओळखीचाच शब्द समुद्र ओलांडून, वेष पालटून परत आला आहे. कोल्हापुरास आफ्रिकेची ओळख यापूर्वीही होती. काळविटाच्या शिकारीसाठी संस्थानात चित्ते पाळीत आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते आफ्रिकेतून आणवीत, कारण हिंदुस्थानातले चित्ते तोवर दुर्मीळ झाले होते. पुढे ते इथून नाहीसेच झाले. २०२२ साली नामिबियातून आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडले, तेव्हा सगळ्या देशाने नवलाने पाहिले. कोल्हापूरच्या जुन्या माणसांस त्यात तितके नवल वाटले नसेल.

माझे वडील त्या दरबारात गवई होते. संस्थान १९४९ साली विलीन झाले तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे, नोकरीस लागून चार वर्षे झालेले. आणि मी त्यांच्या पन्नाशीनंतरचे शेंडेफळ. त्यामुळे दरबाराच्या गोष्टी मला त्यांच्या म्हातारपणीच ऐकावयास मिळाल्या. शिकारीच्या मुक्कामाची एक गोष्ट ते फार रंगवून सांगत. रात्री शेकोटीजवळ गाणे होई, तेव्हा गवयांचा मान मोठा. दिवस उजाडला की मात्र त्यांची रवानगी स्वयंपाकाच्या तंबूकडे. शिकारखात्यातल्या एका जुन्या माणसाचे म्हणणे असे, की गवयाला मचाणाजवळ नेऊ नये. तो खाकरल्याशिवाय राहत नाही. वडील हे सांगून स्वतःच खाकरत आणि हसत. त्यांच्या बोलण्यातून मला एवढे समजले, की रानात शिरण्याच्या दोन रीती त्या काळीही होत्याच. हाका घालावयाचा म्हणजे शेकडो माणसे, डबे, ढोल, गलका आणि सगळ्यांच्या वतीने एकाचा निर्णय. आणि एकट्या वाटाड्याबरोबर पहाटे पाणवठ्यावर जाऊन बसावयाचे ते निराळे. त्यात बंदूक नसली तरी चालते.

दाजीपूरचे रान हेच संस्थानचे राखीव शिकारीचे रान. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ साली त्याची हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झाले, ३५१ चौरस किलोमीटरचे. २०१२ साली पश्चिम घाटातली जी ठिकाणे जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत ते आहे. सीमेच्या अलीकडे, खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्य २०११ साली झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटरचे. म्हादई नदीचा उगम त्याच रानात. दांडेलीचे अभयारण्य १९५६ सालचे. शेजारच्या अणशी राष्ट्रीय उद्यानासह २००७ साली ते व्याघ्र प्रकल्पात गेले आणि २०१५ पासून त्याला 'काळी' हे नदीचेच नाव मिळाले. १९५६ साली राज्यांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या, तेव्हापासून इकडच्या माणसांनी पुष्कळ कागद पाहिले. गव्यांनी एकही पाहिलेला नाही. ते दोन्हीकडे चरतात.

आता कायद्याचे पाहू, कारण वादात ही गोष्ट कोणीच काढीत नाही आणि अर्धा वाद तिनेच मिटतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. ज्यांना सूट आहे, त्यांत सार्वजनिक रस्त्याने पलीकडे जाणारा वाटसरू येतो. म्हणजे खानापुराहून हेमाडग्यावरून अनमोडला जाणारा रस्ता भीमगडाच्या रानातून जातो, त्यावरून तुमची मोटार जाऊ शकते. पण त्या रस्त्यावर तुम्ही वाटसरू आहात, पाहुणे नव्हे. रस्ता सोडून झाडीत शिरलात की वाटसरूची सूट संपली. व्याघ्र प्रकल्पांचे नियम आणखी कडक. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात हा विषय गाजला, गाभ्याच्या क्षेत्रातले पर्यटन काही आठवडे बंदच होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राची नियमावली आली. गाभ्याच्या वीस टक्क्यांपलीकडे पर्यटनास वाव देऊ नये, वाहनाने जनावरापासून निदान वीस मीटर दूर राहावे, असे त्यात आहे. तेव्हा आमच्या व्यापारी पालकांच्या सात माणसांच्या गाडीने दांडेलीच्या रानात हिंडणे हा विषयच उरत नव्हता. ती गाडी रानाच्या दारापर्यंत.

मग घरच्या मोटारीच्या बाजूने बोलावयासारखे काहीच नाही काय? आहे. आणि ते मला सहलींच्या अनुभवानेच कळले आहे. काही वर्षांपूर्वी एका सहल काढणाऱ्या मंडळींबरोबर मी निराळ्या एका रानात गेलो होतो. अठ्ठावीस माणसे, एक बस, तीन दिवस. बसमध्ये ध्वनिक्षेपक होता आणि तो तीन दिवस मोकळा राहिला नाही. मी गाणे शिकवितो हे कळल्यावर अंताक्षरीचे पंच म्हणून मला नेमण्यात आले. रानात पहाटे सहा वाजता पोहोचावयाचे, तर नाष्टा राहिला म्हणून सव्वासातला पोहोचलो. तोवर पाखरांची सकाळ संपली होती. मार्गदर्शक बिचारा भला माणूस होता, पण अठ्ठावीस माणसांना एकच गोष्ट हवी होती, वाघ. आणि ती त्याच्या हातात नव्हती. शेवटी तो मोर दाखवू लागला, तेव्हा मागून कोणी म्हणाले, "मोर काय, आमच्या उसात रोज असतो." ते खोटेही नव्हते. समूहाचा दोष हा, की कोणी एक माणूस पाहत नाही. सर्वांचे मिळून जे कमीत कमी असते, तेवढे सगळे पाहतात.

पण मोटार स्वतः हाकण्यातही एक मोठी मेख आहे. जो हाकतो तो पाहत नाही. बेळगावाहून जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटाने मी गोव्यास अनेकदा मोटार नेली आहे. एकदा शेकरू रस्त्यावरच्या फांदीवरून पलीकडे गेले. गाडीतल्या सगळ्यांनी पाहिले, तांबूस पाठ, लांब शेपूट, सगळे मला नंतर वर्णन करून सांगितले. मी त्या वेळी पुढच्या टँकरचे मागचे चाक पाहत होतो. घाटात तेच पाहणे कर्तव्य होते.

आणि रात्रीची वेळ असेल तर हा विषय गमतीचा राहत नाही. पूर्ण वाढलेला नर गवा टनाच्या आसपास भरतो. अंगाचा रंग काळाकुट्ट. पायांचे पांढरे मोजे तेवढे दिव्याच्या उजेडात दिसतात, तेही जवळ आल्यावर. दाजीपूर-फोंड्याच्या रस्त्याला किंवा रामनगर-अनमोडच्या बाजूला रात्री मोटार हाकणाऱ्याने हे डोक्यात ठेवलेच पाहिजे. गवा आपण होऊन माणसाच्या वाटेस जात नाही. पण घेरला तर त्याचे भान सुटते. २०२० च्या डिसेंबरात पुण्यास कोथरूडमध्ये एक गवा वस्तीत आला होता. त्याला वाघाने मारले नाही. मागे लागलेली गर्दी, तासन्‌तास धावपळ, आणि शेवटी पकडल्यावर तो मेला. रान पाहावयास जाणारे आपण त्याच गर्दीतले असतो, हे मला त्या बातमीनंतर विसरता आलेले नाही.

इतके सर्व बोलून झाले तरी आमचा वाद मिटला नसता; तो एका निराळ्याच कारणाने मिटला. वर्गात एक पंधरा वर्षांचा मुलगा आहे, निपाणीचा. त्याला जन्मापासून दिसत नाही. स्वराला पक्का, लयीला त्याहून पक्का. वाद चालला असता तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई घरी आली. तंबाखूच्या वखारीत कामास जाणारी बाई. उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, त्याला दिसंना. तिथं नेऊन काय दावणार तुम्ही? आणि समदी पोरं बघत्यात आणि ह्यो एकटा बसतोय, असं नको व्हायला." पैशाचा प्रश्न नव्हता, तो आम्ही आपसांत सोडविला होता. तिचे म्हणणे खरेच होते. ज्या सहलीचा सगळा व्यवहार 'दिसले की नाही' यावर चालतो, तिथे या मुलाने काय करावयाचे?

मी तिला वचन असे काही दिले नाही. एवढेच म्हणालो, की मला विचार करू द्या. आणि विचार करता असे वाटले, की आपण गाड्यांची निवड करीत बसलो, पण बरोबर कोण आणि गाडी थांबवावयाची कोणी, हे ठरविलेच नाही. मार्गदर्शक हवाच. रान ज्याला कळते असा माणूस शेजारी नसेल तर पहिल्या खेपेस माणूस फक्त झाडे पाहून येतो. आम्ही शिष्यास पहिली काही वर्षे एकट्याला रियाजास बसवीत नाही, ते याचसाठी. चुकीचे घोटले तर ते पक्के होते. पण मार्गदर्शकाबरोबरची जीप अनोळखी माणसांच्या मेळ्यात घेतली पाहिजे असे कोठे आहे? पुरी जीप आपणच घ्यावी. आम्ही बाराजण, दोन जीपा. एकीत ज्यांना वाघाची आशा आहे ते बसतील. दुसरीत ज्यांना दोन तास तोंड मिटून बसता येईल ते. गावापासून रानाच्या दारापर्यंत घरच्या मोटारी. व्यापारी पालक यावर खूश झाले, कारण त्यांची गाडी निघाली. ताई खूश झाल्या, कारण ती दारातच राहणार होती. मुलाच्या आईस मी सांगितले, तो माझ्याशेजारी दुसऱ्या जीपमध्ये बसेल. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "स्वेटर देते बरोबर."

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. तवंदीचा घाट, संकेश्वर, बेळगाव, मग खानापूर, रामनगर करीत दांडेली. मुक्काम कुळगीला. पहाटे इतके धुके, की पुढच्या जीपचा दिवा लिंबाच्या फोडीसारखा दिसत होता. आमचा मार्गदर्शक पन्नाशीचा, त्याच मुलखातला, मराठी-कोकणी-कन्नड सारख्याच सहजतेने बोलणारा. त्याला मी आधीच सांगून ठेवले, की आमच्या जीपला वाघाची घाई नाही. मधून मधून इंजिन बंद करून थांबावे, एवढीच विनंती. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "मास्तर, असे सांगणारे वर्षात दोन-तीनच येतात. त्यातला एक तरी फोटोवाला असतो."

इंजिन चालू असते तोवर रान नसते, असे म्हणावयास हरकत नाही. खर्जात एक सतत घरघर चालू राहते आणि वरचे सगळे तिने झाकून जाते. साधारण अर्ध्या तासाने एका वळणावर चालकाने किल्ली फिरविली. प्रथम काहीच ऐकू आले नाही. कानांत घरघरच उरली होती. मग सागाच्या वाळल्या पानांवर पडणारे दंव. एक थेंब, मग दुसरा, कोणताही हिशेब नसलेले. दूर रानकोंबडा. मग वरून एक निराळाच आवाज आला, धापा टाकल्यासारखा, डावीकडून उजवीकडे जाणारा. मुलगा हळूच म्हणाला, "सर, वरनं कोण पंखा ओढतंय?" मार्गदर्शकाने मान वर न करताच सांगितले, "धनेश. मोठा." धनेशाच्या पंखांखालची झाकणारी लहान पिसे नसल्यासारखीच असतात, मोठ्या पिसांच्या मुळांतून हवा जाते आणि तो आवाज निघतो. आम्ही पाचजणांनी माना वर करून धुके पाहिले. ज्याने पाहिले नाही त्यालाच पक्षी कोठून कोठे गेला ते नेमके कळले.

थोडे पुढे जाऊन पुन्हा थांबलो. या खेपेस सांबर बोलले. एकदाच, घणाचा घाव पडावा तसे. मग बऱ्याच वेळाने पुन्हा. लागोपाठ वानराची खोकल्यासारखी हाक. मार्गदर्शक उभा राहिला. चितळ उगीचही ओरडते, पण सांबर सहसा उगीच बोलत नाही, हे त्याने आदल्या रात्रीच मुलांस समजाविले होते. सांबर आणि वानर दोघेही एका दिशेकडे तोंड करून सांगत असतील तर तिथे बिबट्या किंवा वाघ असण्याचा संभव मोठा. आमच्यात दिशा कोणती यावर हातवारे सुरू झाले. मुलाने हात उजवीकडे आणि किंचित खाली केला. "तिथं. पाण्याच्या पल्याड." पाणी आम्हां कोणालाच दिसत वा ऐकू येत नव्हते. मार्गदर्शकाने त्याच्याकडे नीट पाहिले. "तिथे ओढा आहे, बाळ. तुला कसे कळले?" मुलगा म्हणाला, "आवाज तिकडनं ओला येतोय."

आम्ही थांबलो. पाच मिनिटे, सात मिनिटे. सांबर तिसऱ्यांदा बोलले, या वेळी थोडे उजवीकडून. कोणी हलले नाही. मला जाणवले, की मैफलीत समेच्या आधी जसा श्वास अडतो तसा सगळ्या जीपचा अडला आहे.

तेवढ्यात मागून दुसरी एक जीप आली, आमची नव्हे. तिच्यातले लोक हात करून सांगू लागले, की पुढे माळावर गवे आहेत, मोठा कळप, लवकर चला. आणि ती धुरळा उडवीत निघून गेली. आता काय करावे? मार्गदर्शकाची मुद्रा सांगत होती की थांबावे. मागच्या बाकावरच्या दोन मुलींच्या मुद्रा सांगत होत्या की जावे. त्यांनी आयुष्यात गवा पाहिला नव्हता आणि वेळ संपत आला होता. जीप सगळ्यांची होती. घरची मोटार असती, मी आणि तो मुलगा दोघेच असतो, तर तासभर तिथून हाललो नसतो. पण घरची मोटार त्या वळणापर्यंत आलीच नसती, आणि मार्गदर्शकाशिवाय तो आवाज सांबराचा हेही मला कळले नसते. मी मुलाकडे वळलो. तो म्हणाला, "चला की सर. गवं पन ऐकूया."

अकरा गवे होते. धुके विरळ झाले होते, आणि पांढरे मोजे घातलेले ते काळे डोंगर बांबूच्या कडेला चरत होते. मुली बोलणे विसरल्या. दुसरी जीप, वाघवाल्यांची, आधीच तिथे उभी होती. व्यापारी पालक हात जोडल्यासारखे बसले होते. मार्गदर्शक मुलाच्या कानाशी लागून एकेक गोष्ट सांगत होता: हा सर्वांत मोठा, हिची बाजूला वासरू, हा आपल्याकडे पाहतो आहे. मुलाने त्याला थांबविले. "काका, थोडं गप्प राहा." मग आम्हांसही ऐकू आले. बांबूची फांदी ओरबाडल्याचा कडकडाट, पाने दाढेखाली रगडल्याचा ओला आवाज, आणि मधून मधून एखादा दीर्घ फूत्कार. भात्यात हवा भरून कोणी हळूच सोडावी तसा.

वाघ कोणासच दिसला नाही. ओढ्यापलीकडे काय होते तेही कळले नाही. मार्गदर्शकाने जाताना एवढेच म्हटले, की असेल ते बसले असेल किंवा निघून गेले असेल.

परत येताना घरच्या मोटारींची पाळी होती. व्यापारी पालकांचा आग्रह, की अनमोडवरून हेमाडग्याच्या रस्त्याने खानापुरास निघावे, भीमगडाचे रान तरी आपल्या गाडीतून पाहू. दुपारचे दोन वाजले होते, उजेड भरपूर होता, म्हणून मी होकार दिला. चार वाजले असते तर दिला नसता. काचा खाली, वेग कमी, गाणी बंद, रस्त्यावर मध्येच उतरावयाचे नाही, या अटींवर. तो रस्ता फार सुंदर आहे. याच बाजूला बारापेडेच्या गुहा आहेत; तिथे राहणारी एक जातीची वटवाघळे जगात फार थोड्या ठिकाणी सापडली आहेत. आम्हांस अर्थात ती दिसण्याचे कारण नव्हते, गुहा रस्त्यावर नाहीत. पण मुलांना ती माहिती फार आवडली. वटवाघूळ आवाजाने पाहते हे कळल्यावर एकीने त्या मुलास "तुझे नातेवाईक" म्हणून चिडविले, आणि तोच सर्वांत मोठ्याने हसला. पालक स्वतः हाकीत होते. त्यांनी काय पाहिले असे मी खानापुरात चहा घेताना विचारले. ते म्हणाले, "रस्ता बघितलो, सर. रस्ता मात्र बेस हाय."

आता दाजीपूरचे बेत सुरू आहेत. ते रान पावसाळ्यात बंद असते, त्यामुळे मेच्या आत जावे लागेल. शेवटच्या आठवड्यात जमले तर शीळ घालणारा कस्तूर ऐकावयास मिळेल. माणसाने शीळ घालावी तशी त्याची शीळ. वर जाते, खाली येते, आणि षड्‌जावर म्हणून कधी टेकत नाही. दांडेलीहून आल्यावर मुलाच्या आईने मला काही विचारले नाही, पण दाजीपूरच्या यादीत त्याचे नाव तिने आपण होऊन घातले आहे आणि शेजारी स्वतःचेही. निपाणी ते दाजीपूर घरची मोटार, आत स्थानिक मार्गदर्शक आणि त्याची गाडी, असेच ठरले आहे. सहा जागांपैकी पाच भरल्या. सहावी अजून रिकामी आहे. कोणी इच्छुक असल्यास त्याला दोन तास न खाकरता बसता आले पाहिजे.